चिचेन इत्झाची एक दिवसाची सहल: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

हिवाळ्याच्या सुट्टीत मेक्सिकोतलं कॅनकून गाठणारी मराठी कुटुंबं अमेरिकेत बरीच आहेत. चार दिवस समुद्रावर काढायचे आणि त्यातला एक दिवस ‘पिरॅमिड बघून येऊ’ म्हणून चिचेन इत्झाला द्यायचा, असा साधारण बेत असतो. बेत चांगला आहे. पण तो दिवस हॉटेलच्या टूरवाल्याकडे सोपवला की बस या हॉटेलातून त्या हॉटेलात माणसं गोळा करत निघते, वाटेत एखाद्या दुकानापाशी थांबते आणि ऐन उन्हात तुम्हाला दाराशी सोडते. मग गाइडमागे पळत पिरॅमिडपुढे फोटो, चेंडूच्या मैदानात पाच मिनिटं, आणि परत बस. माया या तिथल्या मूळ लोकांचं एवढं मोठं प्राचीन शहर असं उरकून टाकणं बरं नाही. थोडी आखणी केली तर तोच एक दिवस पुष्कळ काही देतो.

माझा सल्ला दोन गोष्टींचा आहे. सकाळी आठला दार उघडतं तेव्हा दाराशी हजर राहा. आणि हे शहर पाण्याच्या अंगाने बघा, कारण ते वसलंच पाण्यापाशी.

आपल्याकडे काळ्या कातळावरून नद्या वाहतात. चिचेन इत्झा आहे त्या युकातान द्वीपकल्पाचा दगड चुनखडीचा, पडलेला पाऊस तो सरळ पोटात घेतो. उत्तर युकातानात जमिनीवरून वाहणारी नदीच नाही. पाणी आहे ते खाली. जिथे वरचं छत कोसळलं तिथे ते उघडं दिसतं, त्या खोल डोहाला म्हणतात सेनोते. चिचेन इत्झात असे दोन मोठे सेनोते आहेत. श्तोलोक नावाचा पिण्याच्या पाण्यासाठी होता, दुसरा देवाला अर्पण करण्यासाठी. हे एवढं मनात ठेवून आत शिरलात तर एकेका इमारतीचा अर्थ लागत जाईल.

मुक्काम कुठे करायचा

जमलं तर आदली रात्र वायादोलिदला काढा. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी वसवलेलं हे टुमदार गाव चिचेन इत्झापासून जेमतेम 45 किलोमीटरवर आहे, पाऊण तासाचा रस्ता. कॅनकूनहून हेच अंतर सुमारे 200 किलोमीटर, म्हणजे अडीच तास. पश्चिमेकडून, मेरिदाहून येत असाल तर दीड तास धरा. वायादोलिदला हॉटेलं समुद्रकिनाऱ्यापेक्षा स्वस्त आहेत, आणि संध्याकाळी चौकात बसलं की शेजारच्या बाकावर माया भाषेत चाललेल्या गप्पा कानावर येतात. माया लोक ‘नाहीसे झाले’ असं कुठे वाचलं असेल तर ते इथे विसरून जा. शहरं ओस पडली, माणसं इथेच आहेत. युकातानी माया आजही लाखो लोकांची घरातली भाषा आहे.

मुक्काम कॅनकूनलाच ठेवायचा असेल तर घड्याळाची एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. कॅनकून किंताना रो राज्यात आहे आणि चिचेन इत्झा युकातान राज्यात. दोन्हींच्या वेळेत वर्षभर एक तासाचा फरक असतो, कॅनकूनचं घड्याळ पुढे. हा फरक सकाळी तुमच्या बाजूने असतो: कॅनकूनच्या घड्याळात सहाला निघालात तर अडीच तासांनी पोचाल तेव्हा तिथे साडेसात वाजलेले असतील. परतताना मात्र तोच तास हातून जातो. दुपारी एकला निघालेली गाडी कॅनकूनला पोचते तेव्हा साडेचार वाजलेले असतात. त्याच संध्याकाळचं विमान किंवा रात्रीच्या जेवणाचं आरक्षण असेल तर हिशेब आधी करून ठेवा. फोनला तिथलं नेटवर्क नसेल तर घड्याळ आपोआप बदलत नाही, हेही ध्यानात असू द्या.

कागदपत्रं आणि पैसे

भारतीय पासपोर्ट असला आणि त्यावर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांपैकी एखाद्याचा चालू व्हिसा असला तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. ग्रीन कार्ड असेल तरी तेच. भारतातून मुलांकडे आलेल्या आई-बाबांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा पर्यटक व्हिसा असतोच, तेव्हा त्यांनाही बरोबर नेता येतं. मात्र एच-वनवाल्यांनी, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी, पासपोर्टवरच्या शिक्क्याची तारीख बघावी. शिक्का संपलेला आणि हातात फक्त मुदतवाढीचा कागद, अशी स्थिती असेल तर विमानाचं तिकीट काढण्याआधी मेक्सिकोच्या वकिलातीत विचारून घ्या.

पेसो, म्हणजे मेक्सिकोचं चलन, रोख जवळ ठेवा. टोलनाका, शेअर व्हॅन, सेनोतेतलं लॉकर, बाजारातलं जेवण, या सगळ्या ठिकाणी रोख लागते. डॉलर चालतात, पण भाव समोरचा ठरवतो.

कोणत्या दिवसात

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. एप्रिल-मे मध्ये ऊन अंगावर येतं, जूनपासून पाऊस आणि वादळांचे महिने. रविवार टाळा, त्या दिवशी मेक्सिकन नागरिकांना प्रवेशात सवलत असते आणि गर्दी वाढते.

मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनाची सावली प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत उतरत्या उन्हात पिरॅमिडच्या उत्तर जिन्याच्या कडेवर उजेडाचे त्रिकोण एकाखाली एक पडतात आणि पायथ्याच्या दगडी सर्पमुखाला जाऊन मिळतात. कुकुलकान हा पिसांचा सर्पदेव खाली उतरतोय असं दिसतं. ऐन दिवशी तिथे हजारो लोक असतात. पहिलीच खेप असेल तर तो दिवस नकोच. अगदी इच्छा असेल तर एक-दोन दिवस आधी किंवा नंतर जा, सावली तेव्हाही जवळपास तशीच पडते.

तिथवर पोचणं

वायादोलिदहून सगळ्यात सोपी म्हणजे कोलेक्तिवो, शेअर व्हॅन. आपल्या वडापसारखीच: माणसं भरली की सुटते, वेळापत्रक नाही. बस स्थानकाच्या जवळूनच निघते. पहिली गाडी किती वाजता, हे आदल्या संध्याकाळी जाऊन विचारून ठेवा. घरचे चार-पाच जण असाल तर टॅक्सी ठरवली तरी परवडते. कॅनकूनहून आदेओ कंपनीच्या बस आहेत, पण त्या आठच्या ठोक्याला पोचवतीलच असं नाही. डिसेंबर 2023 पासून माया रेल्वेही सुरू झाली आहे. स्टेशन अवशेषांपासून दूर आहे, पुढे बस घ्यावी लागते. रेल्वेची हौस असेल तर ती वायादोलिदला येण्या-जाण्यासाठी भागवा.

भाड्याची गाडी घेणार असाल तर मेक्सिकोत ग्राह्य असलेला विमा कागदावर लिहिलेला आहे का ते बघून सही करा. अमेरिकेतल्या क्रेडिट कार्डाचा विमा तेवढ्याने पुरत नाही. टोलच्या महामार्गावर पेट्रोल पंप फार थोडे, टाकी भरून निघा. बिनटोलचा रस्ता गावागावांतून जातो, बघायला सुंदर आहे, पण प्रत्येक गावाच्या तोंडाशी उंच गतिरोधक आहेत आणि सगळ्यांवर पट्टे रंगवलेले नसतात. अंधार पडायच्या आत परतलेलं चांगलं.

दाराशी

वेळ सकाळी 8 ते संध्याकाळी 5, शेवटचा प्रवेश 4 वाजता. पैसे दोन ठिकाणी भरावे लागतात, एक वाटा राज्य सरकारचा आणि एक केंद्राच्या पुरातत्त्व संस्थेचा. पहिली खिडकी झाली की बरेच जण सरळ आत जायला निघतात आणि दारावरून परत फिरतात. परदेशी माणसाला दोन्ही मिळून सहाशे पेसोंच्या वर पडतात आणि दर वर्षी रक्कम वाढते. ड्रोन आत चालत नाही, तिवई न्यायला परवानगी लागते. स्वच्छतागृह दारापाशीच उरकून घ्या. टोपी हवीच, माणशी दोन लिटर पाणी हवं आणि बूट मळलेले चालतील पण पायात मुरलेले हवेत. चार-पाच किलोमीटर सहज चालणं होतं. पिरॅमिडवर चढायला मनाई आहे, तेव्हा गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही निश्चिंत यावं. मुख्य भाग सपाट आहे.

गाइड घ्यावा का? घ्यावा, पहिल्या दीड तासापुरता. दारावर ओळखपत्र लावलेले गाइड असतात, भाषा आणि पैसे आधीच ठरवा. एक चाचणी सांगतो. चेंडूच्या खेळात बळी जिंकणाऱ्याचा जायचा की हरणाऱ्याचा, असं विचारा. भिंतीवरच्या शिल्पात एका खेळाडूचं मुंडकं उडवलेलं स्पष्ट दिसतं, पण तो कुठल्या बाजूचा हे दगड सांगत नाही. जो गाइड हे मोकळेपणाने सांगेल त्याच्याबरोबर जा.

आत कुठून कुठे

आत शिरल्यावर सरळ एल कास्तियोपुढे, म्हणजे मोठ्या पिरॅमिडपुढे जा. साडेआठपर्यंत मैदान मोकळं असतं, फोटो तेव्हाच काढून टाका. आणि मग कॅमेरा खाली ठेवून मोजायला लागा. नऊ थर. चार बाजूंना प्रत्येकी 91 पायऱ्या, म्हणजे 364, आणि वरच्या देवळाची एक धरून 365. उंची देवळासकट सुमारे 30 मीटर. ही इमारत म्हणजे दगडात बांधलेलं वर्ष आहे. तिच्या पोटात आणखी जुना पिरॅमिड आहे. 1930 च्या दशकात आत बोगदा खणला तेव्हा तिथे लाल रंगवलेलं, हिरव्या जेडचे ठिपके जडवलेलं जॅग्वारच्या आकाराचं आसन सापडलं. तो भाग आता लोकांसाठी बंद आहे. 2015 मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी जमिनीतून वीजप्रवाह सोडून मोजणी केली, तेव्हा पिरॅमिडच्या खालीच पाण्याची मोठी पोकळी असल्याचं दिसून आलं. पाण्याचं सांगत होतो ते हेच.

गर्दी व्हायच्या आत उत्तर जिन्यासमोर थोडं लांब उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. परत येते ती टाळी नसते. बारीक, वरून खाली घसरत येणारी पक्ष्याची चिवचिव येते. प्रत्येक पायरीवरून आवाज थोडा थोडा उशिरा परततो आणि वरच्या पायऱ्यांचे प्रतिध्वनी जास्त अंतर ठेवून येतात, म्हणून सूर उतरत जातो. क्वेत्झाल या त्यांना पवित्र असलेल्या पक्ष्याच्या हाकेशी तो जुळतो, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. दहा वाजल्यावर सगळेच टाळ्या वाजवत असतात, तेव्हा यातलं काही ऐकू येत नाही.

तिथून डावीकडे चेंडूचं मैदान. सुमारे 168 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद, मध्य अमेरिकेतल्या प्राचीन मैदानांत सगळ्यात मोठं. भिंतींवर जवळजवळ सहा मीटर उंचीवर दगडी कडी आहेत, रबरी चेंडू हात न लावता त्यातून काढायचा. भिंतीच्या पायथ्याच्या पट्ट्यांपाशी वाका. गुडघ्यावर बसलेल्या खेळाडूच्या धडातून रक्ताच्या धारा सापांच्या रूपाने उसळताना कोरल्या आहेत. सकाळचं तिरपं ऊन एका भिंतीवर असतं तेव्हा रेषा उठून दिसतात, बाराच्या उन्हात सगळं सपाट होतं. शेजारी कवट्यांचा चौथरा आहे, दगडात कोरलेल्या कवट्यांच्या रांगाच रांगा. मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी थोडी कल्पना द्या.

आता उत्तरेकडे जाणारी रुंद वाट धरा. मूळची मायांची बांधीव वाट, पांढऱ्या चुन्याने मढवलेली असायची. तीनेकशे मीटरवर पवित्र सेनोते येतो. सुमारे साठ मीटर व्यासाचा गोल खड्डा, उभे कडे, आणि खूप खाली हिरवं, हलत नसलेलं पाणी. इथे पोहायला परवानगी नाही. एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकेच्या वाणिज्यदूताने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या डोहाचा गाळ उपसला. त्यातून सोनं, जेड, धुपाचे गोळे आणि माणसांची हाडं निघाली. पुष्कळ वस्तू हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात गेल्या, त्यातल्या काही पुढे मेक्सिकोला परत आल्या.

‘इथे कुमारिकांना फेकत’ ही कथा तुम्हाला इथे हमखास ऐकवली जाईल. सापडलेल्या हाडांत पुरुष आणि मुलंही आहेत. जवळच 1967 मध्ये एक भूमिगत टाकं सापडलं होतं, त्यातल्या 64 मुलांच्या अवशेषांचा जनुकीय अभ्यास जून 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. ते सगळेच्या सगळे मुलगे निघाले, त्यांत एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्या. माया पुराणकथेत जुळ्या वीरांना मोठं स्थान आहे. त्या अभ्यासात आसपासच्या गावात राहणाऱ्या आजच्या माया लोकांशीही त्यांचं नातं जुळलं. काठावर उभं राहून हे आठवलं की ही ‘आश्चर्यकारक जागा’ वगैरे राहत नाही, कुणाच्या तरी घरची गोष्ट होते.

परत येऊन योद्ध्यांचं देऊळ आणि हजार खांबांचा परिसर बघा. पंधरा मिनिटं पुरतात.

इथवर दहा-साडेदहा वाजतात. बसगाड्या येऊन लागतात आणि मैदान भरून जातं. नेमकी हीच दक्षिणेकडे जायची वेळ, कारण टूरचे लोक तिकडे फारसे फिरकत नाहीत आणि वाटेवर झाडांची सावली आहे. काराकोल ही गोल मनोऱ्याची इमारत, आत गोगलगायीसारखा वळत जाणारा जिना आहे म्हणून स्पॅनिशांनी दिलेलं नाव. वरच्या खिडक्यांची दिशा शुक्र क्षितिजावर उत्तर-दक्षिणेच्या टोकाला मावळतो त्या जागांशी जुळते. मायांनी शुक्राचं 584 दिवसांचं चक्र मोजून तक्ते केले होते. अशी पाच चक्रं म्हणजे 2920 दिवस, म्हणजे 365 दिवसांची बरोबर आठ वर्षं. शून्यासाठी ते शिंपल्याचं चिन्ह काढत. भारतातल्या शून्याशी त्याचा काही संबंध नाही, दोन दूरच्या लोकांना ते आपापलं सुचलं. शून्याचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांनी या मनोऱ्यापुढे थोडा वेळ थांबायला हवं.

काराकोलच्या पलीकडे लास मोंहास ही इमारत आणि तिला लागून ‘ला इग्लेसिया’ म्हणतात ती छोटी इमारत. संपूर्ण चिचेन इत्झात मला सगळ्यात प्रिय ही. लांब, वळवलेल्या सोंडेसारखं नाक असलेले चेहरे कोपऱ्याकोपऱ्यावर, एकावर एक. हा ‘चाक’ नावाचा पावसाचा देव. नदी नसलेल्या मुलखात घराच्या भिंतीवर दुसरं कोण असणार? जवळ जाऊन बघा, एकेक चेहरा वेगवेगळ्या कोरलेल्या तुकड्यांतून जोडला आहे, डोळा वेगळा, दात वेगळे, नाकाचा प्रत्येक वेढा वेगळा. काही नाकं तुटून पडली आहेत, तिथे मागची खाच दिसते आणि दगड कसा अडकवला होता ते कळतं.

वाटेवर दोन्ही बाजूंना विक्रेते असतात, बहुतेक आसपासच्या गावांतले माया. जॅग्वारच्या डरकाळीची शिट्टी अचानक कानाशी वाजते. घ्यायचं असेल तर लाकडी मुखवटा घ्या, हाताने कोरणारा माणूस तिथेच बसून काम करताना दिसतो. घासाघीस चालते, पण थोडकी करा. जुनी, जमिनीतून निघालेली वस्तू म्हणून कुणी काही दाखवलं तर हात लावू नका, तो कायद्याने गुन्हा आहे.

दुपारी पाण्यात

बाराच्या सुमाराला बाहेर पडा आणि सेनोते गाठा. इक किल अगदी जवळ, तीनेक किलोमीटरवर. वरून लोंबणाऱ्या वेली पार पाण्यापर्यंत येतात, दृश्य देखणं आहे. टूरच्या बसही तिथेच थांबतात. मला वायादोलिदजवळ झित्नुपचे श्केकेन आणि सामुला जास्त आवडतात. दोन्ही गुहेच्या आत आहेत, छतातल्या एका भोकातून उजेडाचा झोत थेट पाण्यावर पडतो. चालतच जायचं असेल तर साकी सेनोते वायादोलिद गावातच आहे.

पाण्यात उतरण्याआधी शॉवर घेणं सक्तीचं. अंगावर सनस्क्रीन, डासांचं मलम, डोक्याला तेल, काहीही नको. हे पाणी खाली जोडलेलं असतं आणि आजूबाजूची गावं त्यावरच जगतात. जिथे पाय टेकेल असा उथळ भाग क्वचितच असतो, म्हणून पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घाला. जिने ओले आणि निसरडे, आजी-आजोबांचा हात धरा.

शाकाहाऱ्यांनी काय खावं

युकातानचं जेवण मुख्यतः डुकराचं आणि टर्कीचं. बीन्सही चरबीत परतलेले असू शकतात, म्हणून ‘सिन कार्ने, सिन मांतेका’ एवढे शब्द पाठ करा: मांस नको, चरबी नको. सिकिल पाक मागवा, भाजलेल्या भोपळ्याच्या बियांची आणि टोमॅटोची दाटसर चटणी, मक्याच्या कुरकुरीत टॉर्तियाबरोबर. अंडं चालत असेल तर पापात्सुलेस, उकडलेलं अंडं गुंडाळलेल्या टॉर्तियांवर त्याच बियांचं हिरवं कालवण. टेबलावरची हाबानेरो मिरचीची चटणी थेंबभर चाखूनच घ्या, आपल्या तिखटाचा भरवसा इथे धरू नये. रात्री चौकातल्या गाडीवर मार्केसिता मिळते, कुरकुरीत गुंडाळीत किसलेलं एडाम चीज.

दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी असेल तर

वायादोलिदच्या उत्तरेला पंचवीस-तीस किलोमीटरवर ‘एक बालाम’ नावाचं जुनं माया शहर आहे. उकित कान लेक तोक या राजाची समाधी तिथल्या मोठ्या इमारतीत आहे. तिचं दार म्हणजे राक्षसाचा दात विचकलेला जबडा, भोवती चुन्यात घडवलेल्या आकृती. सातशे-आठशे सालांतलं नाजूक काम, आणि त्याचा मोठा भाग मूळचाच टिकलेला. तिथे पोचायला शेअर टॅक्सी आहे, ती चौघं जमली की निघते. सकाळी लवकर जा, नाहीतर टॅक्सी भरायला वेळ लागतो. परतीचं त्याच चालकाशी बोलून ठेवा.